येडशीचा वाघ एवढ्या लांब एकटाच कामून आला?

बाई_कळंब | 9 जुलै, रात्री 8.40

नमस्कार मंडळी. मी धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. 2024 च्या डिसेंबरात येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेऱ्यात पट्ट्याचा वाघ दिसला, तेव्हापासून तो माझ्या वर्गात मुक्कामाला आहे. पेरण्या झाल्या, आषाढी झाली, पण पोरांचे प्रश्न संपत नाहीत. परवा प्राण्यांचा धडा घेताना चौथीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "बाई, त्यो टिपेश्वरहून एवढ्या लांब एकटाच कामून आला? त्याला घरी कुणी नाही का?"

मी उद्या सांगते म्हटलं. मला तिला अर्धवट उत्तर द्यायचं नाही. पेपरात किलोमीटर छापून आले, पण हा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

मग बाकीच्यांचे सुरू झाले. सिंह घोळक्यात राहतो, वाघ का नाही? चित्ता आणि बिबट्या एकच का? बर्फात वाघ असतो का? आपल्याकडे ठिपक्याचा असो की पट्ट्याचा, सगळ्यांना वाघच म्हणतात. माझी आजीसुद्धा तसंच म्हणायची. जगात ही मोठी मांजरं किती, कशी जगतात, हे पोरांना समजेल असं सांगाल का? ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी तर नक्की लिहा.

रानवेडा_किनवट | 9 जुलै, रात्री 9.25

बाई, पोरीनं नेमक्या जागी बोट ठेवलंय. त्याला घर होतं. पण वयात आला तसं ते त्याचं राहिलं नाही.

टिपेश्वर आम्हाला लांब नाही, यवतमाळ जिल्ह्यात आहे. अभयारण्य जेमतेम 148 चौरस किलोमीटरचं. तिथं वाघिणींची वीण चांगली झाली. वाघीण पिल्लांना दीड-दोन वर्षं सांभाळते. आधी दूध, मग मारलेल्या शिकारीवर घेऊन जाणं, मग शिकार करायला शिकवणं. बाप त्यात हात लावत नाही, पण आपल्या हद्दीत दुसरा नर शिरू देत नाही आणि त्यानंच पिल्लं वाचतात. पिल्लू वयात आलं की मात्र तोच मोठा नर त्याला टिकू देत नाही. मग तरुण नर चालायला लागतो. जिथं शिकार आहे, पाणी आहे, वाघीण आहे आणि दुसरा नर नाही, अशी जागा सापडेपर्यंत चालतो.

पोरींचं वेगळं. वाघिणीची लेक पुष्कळदा आईच्या हद्दीला लागूनच राहते. कधी आई आपल्याच जागेतला तुकडा तिला सोडते आणि स्वतः बाजूला सरकते. म्हणजे वाघांत लेक माहेरी राहते आणि लेकाला गाव सोडावं लागतं.

हा पहिलाच नाही. 2019 मध्ये टिपेश्वरचाच एक तरुण नर गळ्यात रेडिओ पट्टा घेऊन निघाला. तेलंगण, मग आपला हिंगोली जिल्हा असं करत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. पट्टा काढला तोवर त्याची चाल तीन हजार किलोमीटरच्या घरात गेली होती. रात्री चालायचा, दिवसा नाल्यात नाहीतर झुडपात पडून राहायचा. 2021 च्या मार्चमध्ये टिपेश्वरचाच आणखी एक गौताळ्याच्या कॅमेऱ्यात आला. अंगावरच्या पट्ट्यांवरून ओळख पटली, कारण दोन वाघांचे पट्टे कधीच सारखे नसतात. आपल्या अंगठ्याच्या ठशासारखं समजा.

जुई_परभणी | 9 जुलै, रात्री 9.50

हिंगोलीतून वाघ गेला आणि आम्हाला पत्ताही नाही! माझं आजोळ वसमतचं. त्या वर्षी आम्ही दिवाळीला तिथंच होतो. आज हे वाचून अंगावर काटा आला, पण चांगला काटा.

सुभेदार_निलंगा | 9 जुलै, रात्री 10.15

बर्फातल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे. सेवेत असताना लडाखमध्ये दोन हिवाळे काढले. हिमबिबट्या प्रत्यक्ष एकदाच पाहिला, तोही दुर्बिणीतून, पाऊण मिनिट. स्थानिक लोक त्याला शान म्हणतात. समोरच्या कड्यावर आमचा वाटाड्या बोट दाखवत होता आणि मला नुसते दगड दिसत होते. त्यातला एक दगड हलला.

त्याची शेपूट जवळजवळ अंगाएवढी लांब, जाड, लोकरीच्या मफलरसारखी. झोपताना तोंडावर गुंडाळून घेतो. कड्यावरून उडी मारताना तोल सांभाळायलाही तीच. पंजे रुंद, तळव्यालाही केस, त्यामुळे भुसभुशीत बर्फात रुतत नाही. खातो भरल आणि आयबेक्स, म्हणजे डोंगरी मेंढ्या-बोकडच. वाघासारखाच एकटा राहतो. एका माळावरून दुसऱ्या माळावर जायला आपल्याला दिवस लागतो तिथं तो रात्रीत जातो.

आणि बाई, पोरांना हे जरूर सांगा: हिमबिबट्याला डरकाळी फोडता येत नाही. भारतात त्यांची पहिली पद्धतशीर मोजदाद झाली, तिचा आकडा 2024 च्या जानेवारीत आला: 718. त्यातले 477 एकट्या लडाखात.

गावातल्या एका म्हाताऱ्याच्या गोठ्यात हिमबिबट्या शिरला होता, एका रात्रीत बऱ्याच मेंढ्या मारल्या. लोकांनी त्याला मारलं नाही. गोठ्याला वरून जाळी बसवून घेतली. त्या म्हाताऱ्याचा चेहरा अजून डोळ्यांपुढे आहे. नुकसान त्याचं झालं होतं आणि चहा आम्हाला तो पाजत होता.

येरमाळ्याचा_गडी | 9 जुलै, रात्री 10.40

सगळं वाचलं. छान आहे. पण आमच्याकडून बी बोला कुणीतरी.

माझी दोन वर्षांची कालवड गेली. डोळ्यापुढं वाढलेली. सकाळी बांधावर गेलो तर दावं तुटलेलं, रक्ताची ओढ ओढ्याकडं. पंचनाम्याला तीन हेलपाटे, एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत. पैसे आले, पण त्या पैशात तशी कालवड येत नाही. आणि खरा त्रास त्यो न्हाई. लाईट रात्रीची असती. बारा वाजता मोटार चालू करायला शिवारात जावं लागतं. बायको म्हणती जाऊ नका, पीक म्हणतं या. त्या वेळी वाघ कुठून आला, त्याची आई कोण, हे डोक्यात येत न्हाई.

पोरांना वाघ शिकवा, पण हे बी शिकवा.

बाई_कळंब | 9 जुलै, रात्री 10.55

दादा, शिकवते. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांचे वडील रात्री पाण्याला जातात. एक मुलगा वर्गात झोपतो, कारण वडिलांच्या सोबतीला तोच बॅटरी धरून जातो. तुमचं लिहिणं मी त्यांना वाचून दाखवू का?

येरमाळ्याचा_गडी | 9 जुलै, रात्री 11.02

दाखवा.

रानवेडा_किनवट | 9 जुलै, रात्री 11.20

येरमाळ्याचे दादा, तुमचं खरं आहे. दिवसा वीज हीच वाघ-बिबट्यापासूनची सगळ्यात मोठी राखण आहे. हे मी जंगलावर जीव असणारा माणूस म्हणूनच म्हणतोय. वाघाला रात्र हवी, माणसाला दिवस. दोघांना एकाच वेळी शिवारात उभं केलं की एकाचा तरी घात ठरलेला.

इतरांसाठी दोन गोष्टी. जनावर मारलं गेलं तर ते जागेवरून हलवू नका. लगेच वनखात्याला कळवा, 1926 हा त्यांचा मदतीचा नंबर आहे. आणि मेलेल्या जनावराला विष लावू नका. त्यानं वाघ मरतो, गावची कुत्री मरतात, घार-गिधाडं मरतात आणि भरपाईही बुडते.

कोयता_आष्टी | 10 जुलै, सकाळी 6.30

राम राम. मी बीड जिल्ह्यातला, ऊसतोड कामगार. आम्ही नवरा-बायको मिळून एक कोयता. पंधरा हंगाम जुन्नर-आंबेगाव भागात केलेत. बिबट्या म्या पुस्तकात नाही, पाचटात बघितलाय.

बाई, फडाचं असं असतं. ऊस कडेनं तोडत आत जायचं. दिवस सरत आला की मधी एक पट्टा उरतो आणि आत जे काही असंल ते त्या पट्ट्यात गोळा होतं. ससा, रानडुक्कर, कोल्हा, कधी साप. जुनी माणसं शेवटच्या पट्ट्यावर आली की हाळी देतात, कोयते वाजवतात. चौथ्या हंगामात आमच्या टोळीनं पट्टा उघडला तर तीन पिल्लं. मांजराएवढी, डोळे बी उघडले नव्हते. एक पोरगा उचलाय लागला, मुकादमानं हात धरला.

वनखात्याची माणसं आली. पिल्लं क्रेटमधी घातली, आणि रात्री त्याच जाग्यावर ठेवली. आम्हाला म्हनले, कोपीतनं कुणी बाहेर पडू नका, आई न्यायला येईल. आमच्या कोप्या दोनशे पावलांवर. बायकोनं लेकराला छातीशी धरलं आणि रातभर जागी. म्या कान लावून होतो. काईच आवाज न्हाई. सकाळी क्रेट रिकामा, बाजूला मऊ मातीत पावलं. एक एक करून तीन फेऱ्या मारल्या हुत्या तिनं.

तवापासून बायको म्हणती, ती बी आपल्यावानीच, फडात बाळंत होणारी.

पण आमचं गाव आष्टीत. 2020 च्या नोव्हेंबरात आमच्याकडं बिबट्यानं माणसं मारली. शेवटी डिसेंबरात करमाळ्याकडं गोळी घातली त्याला. त्या महिन्यात आमची पोरं आजीपाशी गावात हुती आणि आम्ही फडात. फोन लागला न्हाई की जीव ऱ्हायचा न्हाई. दोन्ही बघितलंय म्हणून दोन्ही सांगतो.

जुई_परभणी | 10 जुलै, सकाळी 8.05

दादा, तीन फेऱ्या हे वाचून थांबले. परत वाचलं.

मास्तर_अंबाजोगाई | 10 जुलै, सकाळी 9.30

बिबट्या उसात का येतो, हे कोयता दादांच्या गोष्टीला जोडून सांगतो. बिबट्याला घनदाट जंगलच लागतं असं नाही. लपायला उंच पीक, प्यायला पाणी आणि खायला कुत्रं-डुक्कर-शेळी मिळाली की त्याचं भागतं. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले भागात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. त्यांच्या खाण्यात वजनाने सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला, सुमारे 39 टक्के. गावाभोवती कचरा, कचऱ्यावर कुत्री, कुत्र्यांमागे बिबट्या, अशी साखळी आहे.

म्हणूनच तो एवढा लांबवर पसरलेला आहे. आफ्रिकेपासून रशियाच्या पूर्व टोकापर्यंत, वाळवंटाच्या कडेला आणि मुंबईतही. भारतात 2022 च्या मोजणीत बिबटे 13,874, त्यात महाराष्ट्रात 1,985. आणि काळा बिबट्या हा वेगळा प्राणी नाही. त्वचेत काळा रंग जास्त, एवढंच. उन्हात नीट पाहिलं तर त्याच्याही अंगावर ठिपके दिसतात.

सिडकोची_सुनंदा | 10 जुलै, सकाळी 10.10

आमच्या छत्रपती संभाजीनगरात 2019 च्या डिसेंबरात सिडको एन-1 मध्ये बिबट्या आला होता. मी पलीकडच्या गल्लीत राहते. बिबट्यापेक्षा गर्दीची भीती वाटली. माणसं गच्चीवर, झाडावर, मोबाईल वर करून ओरडत होती. तो बिचारा एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर. शेवटी बेशुद्ध करून नेला. कुणाला इजा झाली नाही हे आमचं नशीब आणि त्याचंही.

मास्तर_अंबाजोगाई | 10 जुलै, सकाळी 10.25

सुनंदाताई, घेरलेला बिबट्या वाट शोधत असतो. वाट माणसांनी भरली की तो माणसांतूनच जातो. पोरांना हे जरूर सांगायला हवं: दिसला तर पळू नका, खाली बसू नका, वाकू नका. उभे राहा, एकमेकांजवळ या, मोठ्याने बोला आणि त्याला जायला जागा ठेवा. बसलेला किंवा वाकलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो.

येरमाळ्याचा_गडी | 10 जुलै, दुपारी 1.15

हे पटलं. पण मग पकडून लांब जंगलात का सोडत न्हाईत? येडशीच्या वाघाला पकडून सह्याद्रीत सोडायचं म्हणून पथक आलं होतं. म्या तर म्हणतो न्यायलाच पायजे.

रानवेडा_किनवट | 10 जुलै, दुपारी 2.00

इथं वाघ आणि बिबट्या वेगळे धरावे लागतील.

बिबट्याचं जुन्नरला करून पाहिलंय. 2001 नंतरच्या त्या दोन-तीन वर्षांत बिबटे पकडून दुसरीकडं सोडत गेले आणि माणसांवरचे हल्ले उलट वाढले. अनोळखी मुलखात टाकलेला बिबट्या बिथरतो, घराकडं निघतो, वाटेत गावं लागतात. रिकाम्या झालेल्या जागी नवा येतो तो वेगळाच. 2009 मध्ये नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडलेला एक म्हातारा नर पट्टा लावून माळशेज घाटात सोडला होता. आजोबा म्हणायचे त्याला. तो सुमारे 120 किलोमीटर चालून थेट मुंबईच्या संजय गांधी उद्यानात पोचला. महामार्ग, रेल्वेचे रूळ, वस्त्या, सगळं ओलांडून. वाटेत कुणाला ओरखडाही काढला नाही.

येडशीच्या वाघाबद्दल माझं मन दोन बाजूंनी ओढतं. अभयारण्य सगळं 22 चौरस किलोमीटरचं. एका नर वाघाला चांगल्या जंगलातही त्याच्या तिप्पट जागा लागते, शिकार कमी असेल तर कैक पट. रशियातल्या बर्फाळ जंगलात नर वाघाची हद्द हजार चौरस किलोमीटरच्या पुढं जाते. मग येडशीत तो गुराढोरांवरच येणार. त्याला न्यावं असं डोकं म्हणतं.

जुई_परभणी | 10 जुलै, दुपारी 2.40

आणि मन?

रानवेडा_किनवट | 10 जुलै, दुपारी 2.55

मन म्हणतं की त्यानं पाचशे किलोमीटर चालून ही वाट शोधली. त्याला उचलून नेलं तरी वाट राहते. उद्या त्याचा भाऊ येईल. त्या वाटेवरचे ओढे, गायरान, टेकड्यांची झुडपं राखली नाहीत तर पुढचा वाघ सरळ वस्तीतून येईल. म्हणून याला न्या, पण वाट मोडू नका.

शिकागोहून_लातूरकर | 10 जुलै, रात्री 8.30

येडशी 22 चौरस किलोमीटर वाचून मला अमेरिकेतला एक प्यूमा आठवला. प्यूमा म्हणजे एकरंगी, तपकिरी, मोठा पण डरकाळी न फोडणारा मांजरकुळातला प्राणी. कॅनडापासून चिली-अर्जेंटिनाच्या खालच्या टोकापर्यंत आढळतो.

लॉस एंजलिसमध्ये पी-22 नावाचा तरुण नर होता. येडशीच्या वाघासारखाच बापाच्या मुलखातून बाहेर पडला, आठ-दहा पदरी दोन महामार्ग ओलांडले आणि शहराच्या मधोमध ग्रिफिथ पार्कमध्ये पोचला. 2012 मध्ये कॅमेऱ्यात दिसला. ती जागा सुमारे 17 चौरस किलोमीटर, म्हणजे येडशीहूनही लहान. हरणं होती, पाणी होतं, दुसरा नर नव्हता. पण मादीही नव्हती. परत जायला तेच महामार्ग. दहा वर्षं तो एकटा राहिला. 2022 च्या डिसेंबरात म्हातारपण, आजार आणि गाडीची धडक यांनी इतका खचला होता की डॉक्टरांनी त्याला शांतपणे मरण दिलं. त्याच्यामुळे लोक हलले आणि आता तिथे महामार्गावरून प्राण्यांसाठी झाडाझुडपांचा मोठा पूल बांधला जातोय.

मी इथे वीस वर्षं आहे. त्याची बातमी आली त्या दिवशी माझ्या ऑफिसातली माणसं रडली.

जग्वारचंही तसंच. मेक्सिकोतून अधूनमधून एखादा एकटा नर सीमा ओलांडून ॲरिझोनात येतो. जग्वार दिसायला बिबट्यासारखा पण आडवा, डोकं मोठं, जबडा जबरदस्त. इतर मोठी मांजरं गळा धरतात, हा थेट कवटी फोडतो. ब्राझीलच्या पांतानालच्या दलदलीत तो पाण्यात उडी मारून केमनला, म्हणजे तिकडच्या मगरीला, उचलून आणतो. ओळखायची खूण सोपी: त्याच्या ठिपक्यांच्या कड्यांत आत आणखी ठिपके असतात, बिबट्याची कडी रिकामी असतात.

नांदेडचा_बंडू | 10 जुलै, रात्री 9.05

सिंह विरुद्ध वाघ, कोण जिंकणार? मी चौथीत असल्यापासून विचारतोय, अजून कुणी पक्कं सांगितलं नाही.

मास्तर_अंबाजोगाई | 10 जुलै, रात्री 9.30

बंडू, भेटच होत नाही. आपले सिंह गीरमध्ये आणि गीरमध्ये वाघ नाहीत. पण तुझ्या प्रश्नावरून सिंहाचं सांगून टाकतो, बाईंनी विचारलेलं राहिलंच होतं.

मांजरकुळात घोळक्यात नांदणारा हा एकटाच. घोळक्याचा कणा म्हणजे बाया. आई, मावश्या, बहिणी, लेकी, सगळ्या एका रक्ताच्या. एकमेकींच्या पिल्लांना दूध पाजतात. नर बाहेरून येतात, बहुधा दोन-तीन भाऊ मिळून, दोन-तीन वर्षं राहतात आणि जास्त ताकदीचे आले की हाकलले जातात. नवे नर आधीची पिल्लं मारतात. हे पोरांना सांगायचं की नाही ते बाईंनी ठरवावं, मी लपवत नाही. आफ्रिकेच्या उघड्या माळावर मोठं जनावर मारायला आणि मारलेलं राखायला चार जणी लागतात, म्हणून घोळका. वाघ दाट झाडीत दबा धरतो, तिथे सोबतीची अडचणच व्हायची. गीरमध्ये चितळासारखी लहान शिकार, म्हणून तिथे घोळकेही लहान, आणि नर बहुतेक वेळ माद्यांपासून वेगळे राहतात. गीरच्या सिंहाची आयाळ विरळ, कान उघडे दिसतात, पोटाखाली कातड्याची घडी असते.

सिडकोची_सुनंदा | 10 जुलै, रात्री 9.50

वेरूळला 32 व्या लेण्यात, इंद्रसभेत, आंब्याखाली बसलेली अंबिका आहे, खाली सिंह. सिंहाचा मुलूख नर्मदेच्या वरचा. म्हणजे दक्षिणेत सिंह नसताना आपल्या कारागिरांनी तो कोरला. मी दरवेळी त्या सिंहाच्या तोंडाकडे बघत बसते. कुणाच्या सांगण्यावरून कोरला असेल?

जुई_परभणी | 10 जुलै, रात्री 10.00

आणि द्वादशीला वाघाट्याची भाजी खाल्ली का कुणी? परवाच आईनं केली. वाघाटी नावाचं एक इवलंसं रानमांजरही आहे ना?

रानवेडा_किनवट | 10 जुलै, रात्री 10.10

आहे. जगातल्या सगळ्यात लहान मांजरांपैकी एक. तळहातावर पिल्लू मावेल. घरच्या मांजरीची पिल्लं समजून लोक उचलून आणतात, तसं करू नका. तिच्यावर वेगळा धागा काढू.

सुभेदार_निलंगा | 10 जुलै, रात्री 10.35

चित्ता राहिला. पेपरवाले बिबट्याला चित्ता लिहितात तेव्हा मला फार वाईट वाटतं. चित्ता आपला होता आणि आपण तो संपवला. नावसुद्धा आपलंच, संस्कृत चित्रकवरून आलेलं. कोल्हापूर दरबारी चित्ते शिकारीला नेत, ते सांभाळणाऱ्यांना चित्तेवान म्हणत. 1947 मध्ये आताच्या छत्तीसगडात शेवटचे तीन मारले गेले आणि 1952 मध्ये तो देशातून संपल्याचं जाहीर झालं. 2022 च्या 17 सप्टेंबरला नामिबियातून आठ मध्य प्रदेशातल्या कुनोच्या जंगलात आणले, पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून बारा.

बारीक कंबर, डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ, भरीव ठिपके. नखं पूर्ण आत जात नाहीत, धावताना जमीन धरायला उपयोगी. ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास, पण काहीशे मीटरच. मग धापा टाकत बसतो आणि तेवढ्यात तरस येऊन शिकार पळवतो. डरकाळी नाही, पाखरासारखा चिवचिवतो. मादी एकटी, नर भाऊ-भाऊ मिळून.

मास्तर_अंबाजोगाई | 10 जुलै, रात्री 11.00

सुभेदार, एक सल माझ्या मनात आहे. कुनो तयार केलं होतं गीरच्या सिंहांसाठी. त्यासाठी सहरिया आदिवासींची 24 गावं उठवली. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिंह हलवायला सांगितलं. सिंह आले नाहीत. 2018 मध्ये गीरमध्ये साथीनं वीसच्या वर सिंह गेले, तेव्हा सगळे एकाच ठिकाणी असण्याचा धोका दिसला. 2025 च्या मोजणीत सिंह 891 झाले, आनंद आहे, पण सगळे गुजरातेतच. चित्ते आले याचं दुःख नाही. ज्यांनी सिंहासाठी गाव सोडलं त्यांना सिंह दिसायला हवा होता.

सुभेदार_निलंगा | 10 जुलै, रात्री 11.20

मास्तर, चित्त्यांबद्दल माझं मत वेगळं आहे, गेलेलं परत आणणं मला कर्तव्य वाटतं. पण सहरियांच्या बाबतीत तुम्ही बोललात त्यात मला एक शब्द बदलायचा नाही.

नांदेडचा_बंडू | 11 जुलै, सकाळी 7.45

डरकाळी कुणाला येते, कुणाला नाही, हे कशावरून?

रानवेडा_किनवट | 11 जुलै, सकाळी 8.20

वाघ, सिंह, बिबट्या, जग्वार आणि हिमबिबट्या हे पाच सख्खे भाऊबंद. पहिल्या चौघांना डरकाळी फोडता येते. त्यांच्या गळ्यातले स्वरतंतू जाड आणि चपटे-चौकोनी, त्यामुळे थोडाच जोर लावूनही मोठा, खोल आवाज निघतो. हिमबिबट्या वाघाचा जवळचा भाऊ असूनही डरकाळी नाही. चित्ता आणि प्यूमा घरच्या मांजरासारखे घुरघुरतात. सिंहाची डरकाळी शांत रात्री सात-आठ किलोमीटरवर ऐकू जाते. ती शिकारीसाठी नसते, मी इथं आहे हे सांगायला असते. वाघही हद्दीच्या झाडांवर मूत्राचे फवारे मारतो, नखांनी ओरखडतो. समोरासमोर भांडण टाळायची ही व्यवस्था.

बाई_कळंब | 12 जुलै, सायंकाळी 5.30

सगळ्यांना आधी नमस्कार. काल आणि आज दोन तास मी फक्त हेच शिकवलं.

सुरुवात गणितानं केली. आमच्या पोरांना कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणारी माणसं माहीत आहेत. ती वाट 45 किलोमीटरची. वाघ साधारण 500 चालला. भागाकार करा म्हटलं. अकरा वेळा आणि पाच उरले. एक पोरगा म्हणाला, ते पाच घाटात पाणी हुडकायला लागले असतील. दुसरा म्हणाला, वाघानं वारी केली. त्यावर तिसरी म्हणाली, वारीत लोक चहा देतात, याला कुणी दिला? वर्ग हसला, मग ती स्वतःच म्हणाली, कुणी मारलं नाही हेच बास झालं.

येरमाळ्याच्या दादांची कालवड वाचून दाखवली. बॅटरी धरणारा मुलगा त्या दिवशी जागा होता. त्यानं सांगितलं की तो आता बॅटरीबरोबर पत्र्याचा डबाही वाजवत जाणार. कोयता दादांच्या तीन फेऱ्या वाचल्या तेव्हा वर्गात चिटपाखरू बोललं नाही. माझ्या वर्गात सहा जणांचे आईवडील तोडीला जातात.

शेवटी रानवेडा यांचं उत्तर सांगितलं. लेकाला गाव सोडावं लागतं, लेक आईच्या शेजारी राहते. ज्या मुलीनं पहिला प्रश्न विचारला होता ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हंजी बाई, वाघाच्या पोरीला सासरी जावं लागत न्हाई?"

मी म्हटलं, नाही लागत.

येरमाळ्याचा_गडी | 12 जुलै, सायंकाळी 6.10

बाई, त्या पोराला म्हणावं डब्यात चार खडे टाक, आवाज लांब जातो. आणि बापाला म्हणावं एकट्यानं जाऊ नको, शेजारच्या बांधावरच्याला हाळी देऊन दोघं मिळून जा. मी बी तसंच करतो आता.

कोयता_आष्टी | 12 जुलै, रात्री 8.50

बाई, माझी थोरली सातवीला आहे. म्या वाचत बसलो तर तिनं मोबाईल घेऊन सगळा धागा मोठ्यानं वाचला, तिच्या आईला बी ऐकवला. आता ती विचारायलीय, बिबट्याचीबी पोरगी आईजवळच राहती का?

रानवेडा_किनवट | 12 जुलै, रात्री 9.05

हो, बहुतेक वेळा. तिला सांगा, आईच्या हद्दीला लागूनच.